साथ नसते तेव्हाचं काम

२०२४ चा पावसाळा. गुजरातमध्ये लहान लेकरं तापानं दगावत असल्याच्या बातम्या टीव्हीवर सारख्या सुरू होत्या. आमच्या हिंगणा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची मीटिंग होती. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा झाला आणि कोपऱ्यात बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "काहून वो ताई, हा चांदीपुरा गुजरातचा रोग आहे म्हणते. मंग नाव आपल्या इकडल्यासारखं काहून वाटते?"

मावशी, वाटते नाही, आहेच आपल्या इकडचं! १९६५ साली आपल्या नागपुरात तापाची मोठी साथ आली होती. चिकुनगुनिया आणि डेंग्यूची. तेव्हा पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्ताचे नमुने नेले. त्यातल्या दोन नमुन्यांत एक वेगळाच विषाणू निघाला. चिकुनगुनिया नाही, डेंग्यू नाही, जगात कुणी न पाहिलेला. चांदीपुऱ्याचे नमुने म्हणून त्याचं नाव चांदीपुरा. भट्ट आणि रॉड्रिग्ज या दोन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये त्याची माहिती छापली. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही देशात हा विषाणू सापडला, तरी नाव आपलंच लागतं.

मी कला शाखेची बाई, विषाणूंचं मला काय कळणार! पण त्या दिवसापासून या पुण्याच्या संस्थेचा इतिहास जमेल तसा वाचत गेले आणि काही गोष्टी मनाला लागल्या. मैत्रिणींनो, त्याच आज तुमच्यापुढं मांडते.

ही संस्था १९५२ मध्ये पुण्यात सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती काढली. तेव्हाचं नाव विषाणू संशोधन केंद्र. १९७८ मध्ये ती राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली आणि त्या वेळी संचालकपदी होती एक बाई, डॉ. खोर्शेद पावरी. पुढं कोरोनाच्या काळातही संस्थेच्या संचालक एक बाईच होत्या, डॉ. प्रिया अब्राहम. आपल्या मुलींना हे सांगायला हवं, नाही का?

पण मला जास्त आवडली ती या लोकांची कामाची रीत. दवाखान्यात बसून रोग्याची वाट पाहायची नाही. विषाणू जिथं राहतो तिथं आपणच जायचं. तो कोणत्या डासात आहे, कोणत्या गोचिडीत, कोणत्या पाखरात, माकडात, वटवाघळात? रोग नसतो तेव्हा तो कुणाकडं मुक्कामाला असतो? कुणाच्या पाठीवर बसून आपल्या दारात येतो? याला विषाणूंचं परिसरशास्त्र म्हणतात. सुनेची चौकशी करताना आपण नाही का तिचं माहेर, मामा, शेजारपाजार सगळं विचारून घेत? तसंच काहीसं.

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि मागोमाग आसपासच्या गावांतली माणसं तापानं फणफणली. पुण्याची मंडळी तिथं धावली. आधी शंका आली पीतज्वराची. निघाला नवाच विषाणू, गोचिडीतून पसरणारा. सरपण, पालापाचोळा आणायला रानात जाणाऱ्यांना ती गोचीड चावायची. तो 'कर्नाटकचा आजार' २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात शिरला. तिकडं त्याला माकडताप म्हणतात. जवळजवळ साठ वर्षं लागली त्याला यायला, पण आला.

आता पुन्हा आपल्या चांदीपुऱ्याकडं येते. विषाणू सापडला, पुढं औरंगाबादकडच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) वाळूमाश्यांमध्येही तो मिळाला. ही वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, डासापेक्षा कितीतरी लहान. उडताना आवाज नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येते. राहते कुठं? मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, ओलसर शेणमातीत. म्हणजे आपल्याच घरात हो! पण तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. साधा ताप येतो आणि जातो, असंच वाटत होतं. विषाणू पुण्यात जपून ठेवला गेला आणि वर्षांमागून वर्षं गेली. अडतीस वर्षं!

२००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात लेकरं आजारी पडू लागली. सकाळी अंगणात खेळणारं पोर, एकदम जोराचा ताप, उलट्या, झटके, बेशुद्ध... आणि एक-दोन दिवसांत सगळं संपलं. ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. आकडा लिहितानाही हात थांबतो. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासले आणि १९६५ च्या त्या जपून ठेवलेल्या विषाणूशी ताडून पाहिले. जुळले. त्या वर्षी आपल्या विदर्भातही मुलं दगावली. २००७ मध्ये पुन्हा नागपूर विभागात जून ते सप्टेंबर या काळात मेंदूज्वराचे ७८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले शंभरी चव्वेचाळीसच्या आसपास वाचले नाहीत. २०२४ मध्ये गुजरात आणि आसपास जून ते १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू. त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा नक्की निघाला.

चिकुनगुनियाचंही तेच. १९६५ ला नागपूर, १९७३ ला बार्शी, मग जणू गायबच. आणि २००६ मध्ये देशभर सुमारे चौदा लाख लोकांना त्यानं आडवं केलं! आपल्यातल्या कित्येकींना ते सुजलेले सांधे अजून आठवत असतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की या आजारांची खरी लढाई साथ नसते त्या वर्षांत असते आणि नेमकी तेव्हाच आपल्याला त्यांची आठवण नसते. साथ आली की गाड्या येतात, फवारणी होते, पुढारी येतात, फोटो निघतात. साथ गेली की माश्या मोजणारा माणूस लोकांना रिकामटेकडा वाटतो. १९६५ चा 'निरुपयोगी' विषाणू कुणीतरी अडतीस वर्षं सांभाळला, म्हणून २००३ मध्ये त्याच्याशी ताडून पाहता आलं. आपण नाही का पुढच्या पेरणीचं बियाणं राखेत घालून जपून ठेवत?

माझी एक मैत्रीण नर्स आहे. ती म्हणते, "आधी आमच्या केंद्रात औषध आणि रात्रीची गाडी द्या, मग खुशाल माश्या मोजा." तिचं खोटं नाही. चांदीपुऱ्यावर लस नाही, खास औषध नाही. लेकरू जितक्या लवकर मोठ्या दवाखान्यात पोचेल तितकी आशा. पण म्हणूनच तर माशी कोणत्या गावात वाढली हे आधी कळायला हवं! तिचं आणि माझं भांडण अजून मिटलेलं नाही. बहुतेक आम्ही दोघीही बरोबर आहोत.

दुसरी गोष्ट जास्त खुपते. आमच्या कामात एक घर पाहिलं. लेकरू तापात गेलं. त्याआधी त्याचं रक्त काढून नेलं होतं. ते कुठं गेलं, त्यात काय निघालं, हे त्या आईला कधीच कुणी सांगितलं नाही. ती आजही विचारते, "ताई, माह्या पोराले झालं काय होतं?" रक्त आमचं, भिंती आमच्या, गावाचं नाव आमचं, मग उत्तर आमच्यापर्यंत का येऊ नये? तेही आमच्या भाषेत?

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थ'ची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ११० कोटींच्या वर. माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी संस्था. म्हणजे १९५२ पासून पुण्याची मंडळी जे करत आली, तेच आता आपल्या दाराशी. आनंदच आहे. पण माझी मागणी आहे की तिच्या लोकांनी उन्हाळ्यातच आपल्या तालुक्यांतले गोठे आणि भिंती पाहाव्यात, आशाताईंना सोबत घ्यावं आणि जे सापडेल ते ग्रामसभेत येऊन मराठीत सांगावं. ज्या आईनं नमुना दिला तिला चिठ्ठी मिळावी.

आमच्या गटानं आपल्यापुरतं ठरवलं. दरवर्षी पावसाच्या आधी सारवताना भिंतींच्या भेगा बुजवायच्या, विशेषतः खालच्या. उकिरडा घरापासून दूर न्यायचा. लेकराला ताप येऊन झटका आला, तर अंगारा-धुपारा नाही, देवळात नाही, थेट दवाखान्यात. दोघी-तिघींनी गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवरच लिहून ठेवलेत.

मावशींना मी सांगितलं, की पुढंमागं हे लोक माश्या पकडायला आपल्या गावात येतील. त्या म्हणाल्या, "येऊ द्या ना. माह्या गोठ्यातल्या मोजून घ्या म्हणा. पण किती निघाल्या ते सांगूनच जा म्हणा!"