दाखल्याचा विचार आधी करा

मुलांना शाळेतून काढून घरीच ऑनलाइन शिकवणाऱ्या पालकांचा मला नेहमीचा प्रश्न असतो, 'सातवी-आठवीपर्यंत छान चाललंय, पुढे काय?' मी त्यांना आधी एकच विचारते, दहावीचा दाखला कुठल्या बोर्डाचा घेणार? ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणारी संस्था धडे शिकवते, चाचण्या घेते, सुंदर प्रमाणपत्रही देते. पण पीयूसीच्या प्रवेशाला मान्यताप्राप्त बोर्डाचीच गुणपत्रिका लागते. हा विचार आठवीतच व्हायला हवा.

बऱ्याच घरांना सोयीची वाट म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. ती 1989 साली सुरू झाली. दहावीसाठी मुलाला 14 वर्षे पूर्ण हवीत. आठवीचा दाखला नसेल तर, 'हा अभ्यास झेपेल इतकी तयारी आहे' असे स्वतः लिहून देता येते. पाच विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि नोंदणी पाच वर्षे टिकते. त्यामुळे सगळे विषय एकदम देण्याची सक्ती नाही. गृहपाठालाही 20 टक्के गुण आहेत, तेव्हा तो वेळेवर द्या. विज्ञान घेतले तर प्रात्यक्षिकासाठी अभ्यासकेंद्र गाठावे लागते. ते घरापासून किती लांब आहे, हे नोंदणीआधीच पाहून या.

आपल्या दुभाषी घरांची खरी अडचण पुढे आहे. या पाच विषयांत भाषा किमान एक आणि जास्तीत जास्त दोन घेता येतात. मराठी आहे, कन्नडही आहे. पण पुढच्या शिक्षणासाठी इंग्रजी धरली की जागा एकच उरते. आजी म्हणते मराठी, बाबा म्हणतात कन्नड! मुलाला कर्नाटकातच राहून सरकारी नोकरी करायची असेल तर कन्नडचा विचार आधी करावा, असे मला वाटते. मात्र जी भाषा गुणपत्रिकेवर येणार नाही, तिच्या वाचन-लेखनासाठी रोज अर्धा तास ठरवून द्या. नाहीतर ती घरात बोलण्यापुरतीच उरते.

इंजिनिअरिंगचे स्वप्न असेल तर आणखी एक हिशेब मांडा. सीईटीतून कर्नाटकच्या कोट्यात बसण्याचा मुख्य नियम असा आहे: पहिली ते बारावीपैकी किमान 7 वर्षे राज्यातील मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात झालेली असावीत आणि दहावी किंवा बारावी राज्यातून उत्तीर्ण असावी. घरी शिकलेली वर्षे यात धरली जातील, असे समजून चालू नका. पाचवीपर्यंत शाळेत गेलेल्या मुलीची पीयूसीची दोन वर्षे मिळवली की सात भरतात. तिसरीनंतर काढलेल्या मुलाची पाचच होतात. त्याला आठवीपासून पुन्हा शाळेत घातले, तर मात्र हिशेब आरामात जुळतो.

म्हणून या सुट्टीत एक वही घ्या. मुलाला काय व्हायचे आहे ते त्याच्याच हाताने लिहून घ्या. त्याखाली शाळेत झालेली वर्षे, बोर्ड आणि विषय मांडा. मग जिथे पीयूसीला घालायचे, त्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन हा दाखला चालेल का आणि आणखी कुठले कागद लागतील, ते विचारून या. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रकही पाहा. एवढे झाले की आठवीचा अभ्यास निवांत मनाने करता येईल.