मुठीवरचा घट्टा आणि माकिवाराचा खांब

युद्धकलांच्या साधनेत स्वतःच्याच अवयवांवर आघात करून शरीर टणक करण्याची जी पद्धत आहे, तिचे समर्थन अलीकडे एका सोप्या सूत्रावर केले जाते: आघाताने हाडाला सूक्ष्म तडे जातात, ते भरून येताना हाड जाड होते, शिवाय नसा मरून वेदना थांबते, म्हणून जितके ठोकावे तितके उत्तम. या पक्षाच्या लेखी मुठीवरचा काळा घट्टा हेच प्रमाणपत्र, आणि विश्रांती सुचवणारा तो भेकड.

आधार म्हणून यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाचे नाव पुढे केले जाते. हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते, हे वोल्फने १८९२च्या ग्रंथात मांडले ते खरेच; पण भार वेगळा आणि मोडतोड वेगळी. हाडाला तडा गेला की अस्थिभक्षक पेशी, म्हणजे खराब झालेले हाड विरघळवणाऱ्या पेशी, प्रथम तेथे पोकळी करतात आणि या कामात सुमारे तीन आठवडे जातात. त्यानंतर अस्थिजनक पेशी ती पोकळी नव्या हाडाने भरतात, त्याला तीनेक महिने लागतात. म्हणजे दुरुस्ती चालू असताना तो भाग पूर्वीपेक्षा कमकुवत असतो, आणि नेमक्या त्याच काळात रोज ठोकत राहण्याचा उपदेश हा पक्ष करतो. १८५५मध्ये प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांची नोंद केली. पुढे क्ष-किरण आले तेव्हा त्या सुजेखाली पावलातील लांब हाडे मोडलेली दिसली. 'ठोकाल तेवढे जाड' हे खरे असते, तर त्या शिपायांची पावले पोलादाची व्हायला हवी होती. शिवाय हाडातील पेशी भाराच्या काही डझन आवर्तनांनंतर प्रतिसाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा एका बैठकीतला पाचशेवा ठोसा हाड घडवत नाही, सांधा मात्र झिजवतो.

नसा मारण्याच्या गोष्टीला एक वाक्य पुरे: कुष्ठरोगाने बधिर झालेल्या बोटांची काय दशा होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे.

घट्ट्याचा हा अभिमान आखाड्यातील जुन्या वादाची आठवण करून देतो. पैलवानाचा मोडलेला कान वर्षानुवर्षांच्या लढतींची खूण असतो, म्हणून कोणी मुद्दाम कान मोडून घेतला तर त्याला ढाक हा कुस्तीचा डाव लावता येत नाही. तरीही असे कान मोडून घेणारे आणि त्यांचे कौतुक करणारे निघतातच.

मग ही साधना टाकून द्यावी काय? मुळीच नाही; तिचे मूळ साधन नीट पाहावे. ओकिनावातील कराटेचा माकिवारा हा जमिनीत रोवलेला लाकडी खांब, तळाशी साधारण चार इंच जाड आणि शेंड्याकडे तासत अर्ध्या इंचावर आणलेला, वर भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेला. तासल्यामुळे तो ठोशाबरोबर मागे लवतो आणि लवता लवता वाढता विरोध करतो. तर्जनी आणि मध्यमा यांची मुळे, मनगट आणि कोपर एका रेषेत असतील तर तो दाब खांद्यातून टाचेपर्यंत उतरतो; रेषा चुकली तर मनगट तेथेच दुमडते. फ्लॅटच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली फळी लवत नाही आणि काही शिकवतही नाही, तरी तिलाच माकिवारा म्हणून मुलांपुढे उभे केले जाते, ज्यांच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या वाढपट्ट्या अजून मिटलेल्याही नसतात.

प्रौढ नवशिक्याने प्रत्येक मुठीने दहा-पंधरा हलके ठोसे मारावेत, मध्ये एक दिवस सोडावा, आणि मनगट दुमडले किंवा सांधा सुजला तर सूज उतरेपर्यंत खांबाकडे फिरकू नये.