एक रविवार सायकलीचा



गेल्या महिन्यात आमच्या घरात एक ठराव पास झाला. सूचक आमची कन्या, इयत्ता नववी. अनुमोदक तिची आई. ठराव असा की, पप्पांनी एक तरी रविवार घराला द्यावा. आम्ही नेहमीची कारणे पुढे केली. सकाळी विहारात वंदना, मग मंडळाची मीटिंग, दुपारी कुणाकडे तरी पुण्यानुमोदन, संध्याकाळी जयंतीची वर्गणी. पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, समाजात आम्ही पण येतोच ना?" यावर आम्हाला बोलता आले नाही.

जायचे ठरले, पण खिसा कारकुनाचा. शेवटी घरातल्या सायकलीच बाहेर काढल्या. एक कन्येची. दुसरी पत्नीने वर्गणीदार होऊन भिशीतून घेतलेली; विहाराच्या पटांगणात लेकीनेच तिला गेल्या वर्षी सायकल शिकवली. तिसरी आमच्या वडिलांची, काळी, जड, मागे कॅरिअर असलेली. याच सायकलीवरून हँडलला डबा अडकवून वडील तीस वर्षे देहूरोडहून पिंपरीला कारखान्यात पाळीला गेले. पण मौज म्हणून ही सायकल कधी गावाबाहेर गेल्याचे आम्हाला आठवत नाही. आमच्या माणसांना सायकल मिळाली ती कामाला जाण्यासाठी. फुरसतीने हिंडायलाही ती असते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही.

नोव्हेंबरातला रविवार धरला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर जड वाहनांची वर्दळ फार, तिथे मुलांना घालायचे नाही म्हणून शेजारच्या बंधूंच्या टेम्पोत सायकली टाकून पहाटेच कामशेतला उतरलो. तिथून पवनानगरचा रस्ता धरला. द्रुतगती महामार्ग ओलांडला. त्या मार्गावर सायकलीला बंदी आहे. आमचे धाकटे चिरंजीव कॅरिअरवरून म्हणाले, "पप्पा, त्यांना घाई आहे, आपल्याला नाही." दिवसाचे सूत्रवाक्य तिथेच मिळाले.

इंद्रायणीचे खोरे मागे टाकून पवनेच्या खोऱ्यात उतरायचे तर मध्ये चढ लागतो. आम्ही सरळ उतरून सायकली हातात धरल्या. चढावर पायी चालणे हा पराभव नव्हे. खिंड ओलांडली आणि खाली मावळ उघडले. भाताची कापणी चालू होती, खाचरांत भारे बांधून ठेवलेले. मावळचा इंद्रायणी तांदूळ आपण सणाला आणतो. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाली आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आली. भात पोत्यात पाहिलेल्या आमच्या मुलांनी तो प्रथमच उभा पाहिला.

उतारावर मागचे चाक बसले. पंक्चर. सोल्यूशन आणि पंप जवळ होता. चाक उलटे करून बसलो तोच बांधावरून एक आजी आल्या.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"देहूरोडचे, आजी."

"आडनाव काय?"

वाचकहो, आम्ही व्यासपीठावर तास तास बोलतो. पण परक्या गावाच्या शिवारात, बायकामुलांसह, हातात टायर घेऊन बसलेले असताना हा प्रश्न आला आणि आम्ही क्षणभर थांबलो. मुलगी आमच्याकडे बघत होती. मग म्हणालो, "आम्ही बौद्ध, आजी. बेडशाची लेणी बघायला निघालोय."

आजी म्हणाल्या, "मंग बिगी बिगी जावा. सकाळचं ऊन आत शिरतंय तवर बघाया चांगलं. पर पाणी प्या आधी." आणि तांब्या पुढे केला.

एका तांब्याने जग बदलले असे आम्ही म्हणणार नाही. काय काय घडते हे याच अंकाच्या इतर पानांवर छापलेले असते. पण पुढे गेल्यावर कन्या हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही थांबलात." होय, थांबलो. आपण बाहेर पडतो ते मोर्चाला, दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला; हजारोंच्या संगतीत भीती वाटत नाही. चारच माणसांनी, काही काम नसताना, निवांत हिंडायला निघायचे तर मनात कुठेतरी जुना पहारेकरी बसलेला असतो. तो पहारेकरी मुलांच्या मनात जाऊ नये, यासाठीही असे रविवार हवेत.

बेडशाच्या पायथ्याला सायकली लावल्या. वर सुमारे चारशे पायऱ्या. लेणे पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचा उजेड चैत्यगृहात येतो. आजींचा सल्ला खरा होता. दर्शनी भागात उंच खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. आत अष्टकोनी खांबांची रांग आणि शेवटी स्तूप. शेजारचा विहार मागून गोलाकार, वर कमानीचे छत. हे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे.

हे कुणा एका राजाने बांधून दिले असे नाही. शिलालेख सांगतो की नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याने इथे दान दिले. पाण्याच्या टाक्याजवळ आणखी एक लेख आहे. ते दान सामडिनिका नावाच्या महारठिनीचे, म्हणजे एका बाईचे आहे. पत्नीने विचारले, "पाणी बाईनं दिलं?" होय, पाणी. येणाऱ्या-जाणाऱ्याची तहान भागावी म्हणून. पुढे याच मातीत माणसाला पाण्यावाचून दूर ठेवले गेले आणि 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावे लागले. टाक्यापाशी बसून हा सगळा इतिहास मुलांना सांगायला आम्हाला दहा मिनिटे लागली. सभेत तासभर लागतो आणि मुले झोपतात.

तिथेच एक विचार आला. चारिका करणारे भिक्खूही पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावासाला राहात. म्हणजे थांबण्यालाही धम्मात जागा आहे. आम्ही कार्यकर्ते मात्र थांबलो की अपराधी वाटून घेतो. हा रविवार तरी आपल्याला फुकट कुठे मिळाला? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्याचे विधेयक मांडले आणि 1946 साली कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. ते सहा तास आपण कुठे घालवतो, हा हिशेब आम्ही बी.कॉम. असूनही कधी मांडला नव्हता.

दुपारी पवना धरणाच्या काठी भाकरी, ठेचा आणि कांदा. समोर तिकोना, तुंगचे डोंगर. हेच पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना जाते. ते बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करताना 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई होती. एवढे सांगितल्यावर मुलांनी बाटलीत उरलेले पाणी फेकले नाही.

परतीचा चढ पुन्हा पायी. पाचला कामशेत. उशीर झाला म्हणून कुणी रागावले नाही, कारण कुणाला वेळच दिली नव्हती.

ज्यांना जायचे त्यांच्यासाठी: पंप, सोल्यूशन आणि पाणी जवळ ठेवा. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. मुलांना मुख्य रस्त्यावर घालू नका. लेण्यात नावे कोरू नका. तिथे ज्यांची नावे आहेत त्यांनी आधी दान दिले होते.

रात्री वडिलांची सायकल पुसून ठेवताना कन्येने दुसरी सूचना मांडली: पुढच्या महिन्यात भाजे. या वेळी विरोधात एकही मत पडले नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी कृपया नोंद घ्यावी.

जयभीम.