नाव परके म्हणून वाद्य परके?

'सतार' हा शब्द फारसी, 'तबला' हा अरबी, 'सनई' ही फारसी 'शहनाई'ची मराठी लेक. सबब ही सारी वाद्ये बाहेरून आली, असा सोपा निष्कर्ष आपल्याकडे वर्षानुवर्षे पढविला जातो. त्याच्या जोडीला एक कथाही ठरलेली असते. अमीर खुस्रोने वीणेवरून सतार केली आणि पखवाज मधोमध कापून तबला घडविला! खुस्रोचा काळ इ.स. १२५३ ते १३२५. तो थोर कवी होता, यात शंका नाही. परंतु आपल्या विपुल लेखनात त्याने असा दावा कोठेही केलेला नाही. सतार आणि तबला यांचे स्पष्ट उल्लेख सापडतात ते अठराव्या शतकात. मग चारशे वर्षे ही वाद्ये होती कोठे? हा साधा प्रश्न या कथेच्या भाटांना कधी पडत नाही.

या अपप्रचाराला आपल्यातील काही उत्साही मंडळी जे उत्तर देतात, तेही तितकेच पोकळ आहे. 'सतार' म्हणजे म्हणे 'सप्ततार'! वस्तुतः 'सेह' म्हणजे तीन आणि 'तार' म्हणजे तंतू, ही फारसी व्युत्पत्ती सरळ व निर्विवाद आहे. ती नाकारून आपण प्रतिपक्षाचाच सिद्धान्त मान्य करतो. नाव ज्याचे, वस्तू त्याची, हाच तो सिद्धान्त. खोटा आहे तो हा सिद्धान्त, व्युत्पत्ती नव्हे.

युरोपकडे पाहा. तेथील 'ल्यूट' हे नाव अरबी 'अल्-ऊद'वरून आले. ऊद म्हणजे लाकूड. म्हणून बाखने ल्यूटसाठी केलेल्या रचना कोणी अरबी ठरवीत नाही. 'गिटार'चे मूळ ग्रीक 'किथारा'त. तरीही स्पेनचा अभिमान उणावत नाही. हा न्याय आपल्यालाच का नाकारावा?

तबल्याचे नाव अरबी, पण त्याची विद्या कोणाची? भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांचे सविस्तर विवेचन आहे. त्यांवर वाजणारी सोळा अक्षरे तेथे सांगितली आहेत. नदीकाठची माती लेपून मुखाचा स्वर जुळविण्याची रीतही सांगितली आहे. बोल आणि लेप या दोन्ही कल्पना आजच्या तबल्यातही नांदत आहेत. सतारीचेही तेच. नाव फारसी, पण दांडी, खुंटी, घोडी, भोपळा हे तिच्या अंगांचे शब्द कोणत्या देशीचे? मिरजेच्या कारागिरांकडे जाणारा तो भोपळा पंढरपूरच्या परिसरातील शेतात पिकतो. याच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आता नावांचा उलटा प्रवास पाहा. कंबोडियातील 'चापेई' आणि इंडोनेशियातील 'कचापी' ही नावे आपल्या 'कच्छपी' वीणेपासून निघाली. थायलंडचा 'फिण' म्हणजे आपली 'वीणा'. याहून मोठी गोष्ट वर्गीकरणाची. तत म्हणजे ताणलेले, अवनद्ध म्हणजे मढविलेले, सुषिर म्हणजे पोकळ आणि घन म्हणजे भरीव. हे चार वर्ग नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहेत. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी एकोणिसाव्या शतकात भारतीय वाद्ये बेल्जियमला पाठविली. त्यानंतर ब्रुसेल्सच्या संग्रहालयाचे माहियों यांनी याच चौकटीवर आपले वर्गीकरण उभारले. त्यातूनच १९१४ चे हॉर्नबोस्टेल-साक्स वर्गीकरण सिद्ध झाले आणि आज जगभरची संग्रहालये ते वापरतात. आपल्या पदवीधरांना मात्र ही परंपरा परक्या नावांनी शिकावी लागते. याला काय म्हणावे?

खरा घाव तर अंगणातच बसतो आहे. संबळ, तुणतुणे, दिमडी, हलगी, चौघडा ही नावे आपल्या घरातील किती मुलांना वाद्यासह ओळखता येतात? गोंधळी दारी येईनासा झाला की संबळ केवळ शब्दकोशात उरेल. परकीय नावावर चिडणे सोपे असते. आपले नाव जिभेवर जिवंत ठेवायला कष्ट पडतात. म्हणून खोट्या व्युत्पत्त्या रचण्याचा उद्योग थांबवावा, नाट्यशास्त्र उघडावे आणि गावच्या जत्रेत मुलांना संबळवादकाशेजारी नेऊन बसवावे. वारसा सिद्ध होतो तो वाजविणाऱ्या हाताने. नावावरच्या भांडणाने नव्हे.