डिलीट केलेली पोस्ट आणि न दिलेली कबुली

एप्रिल जवळ आला की दरवर्षी काही ठरावीक पोस्ट आपल्या ग्रुपांवर फिरू लागतात. संयुक्त राष्ट्रसंघाने 14 एप्रिल हा 'जागतिक ज्ञान दिन' म्हणून जाहीर केला. कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर विद्वानांची यादी काढून बाबासाहेबांना पहिला क्रमांक दिला. बाबासाहेबांकडे 32 पदव्या होत्या. खाली निळा झेंडा, हात जोडलेली चिन्हे आणि 'कट्टर असाल तर पुढे पाठवा'.

आता खरे काय ते पाहू. 2016 साली, बाबासाहेबांच्या 125 व्या जयंतीनिमित्त, न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्र मुख्यालयात 13 एप्रिलला कार्यक्रम झाला. तो भारताच्या तिथल्या स्थायी मिशनच्या पुढाकाराने झाला आणि राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या तेव्हाच्या प्रमुख हेलन क्लार्क तिथे बोलल्या. हे घडले, आणि ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण राष्ट्रसंघाच्या आंतरराष्ट्रीय दिनांच्या यादीत 14 एप्रिलला 'ज्ञान दिन' नाही. कोलंबियाने 2004 साली आपल्या 250 व्या वर्षानिमित्त काळाच्या पुढे असलेल्या स्वतःच्या माणसांची यादी केली, तीत बाबासाहेब आहेत. ती जगभरच्या विद्वानांची यादी नव्हे आणि पहिला-दुसरा क्रमांक लावलेली यादीही नव्हे. पदव्यांचे म्हणाल तर मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, पुढे 1952 साली कोलंबियाची एलएल.डी. आणि 1953 साली उस्मानियाची डी.लिट. ज्या माणसाला शाळेत पाण्याच्या माठाला हात लावू दिला नाही, त्याची ही यादी आहे. हिला 32 चा आकडा लावण्याची गरज कुणाला आणि का वाटते?

पण आमचा आजचा मुद्दा खोटी पोस्ट कोण तयार करतो हा नाही. चूक दाखवून दिल्यावर आपण काय करतो, हा आहे. वस्तीतली एखादी मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, ग्रुपवर लिहिते, 'दादा, याचा संदर्भ मिळेल का?' उत्तर येते, 'तू कुणाची एजंट?' दुसरा म्हणतो, 'आपल्याच लोकांचे पाय ओढा.' तिसरा तिला मनुवादी ठरवून मोकळा होतो. संदर्भ मागणे हा बाबासाहेबांच्या अनुयायांच्या ग्रुपवर गुन्हा ठरतो. पोस्ट टाकणारा दादा रात्री गुपचूप पोस्ट काढतो आणि सकाळी 'जय भीम, सुप्रभात' टाकतो. ती मुलगी पुढच्या वेळी गप्प बसते. गेले कोण? पोस्ट गेली, हे खरे, पण तिच्याबरोबर एक वाचणारी कार्यकर्तीही गेली.

आपले लोक चूक कबूल का करत नाहीत, याचे उत्तर अहंकार एवढेच देऊन भागणार नाही. आपल्या समाजात माफीचा इतिहास फार वाईट आहे. गावात 'माफी माग' हे वाक्य कोण कुणाला म्हणत आले आहे? स्टेटस ठेवले म्हणून पोराला चौकात आणायचे, हात जोडायला लावायचे, त्याचा व्हिडिओ करायचा आणि तो तालुकाभर फिरवायचा, हे आपण पाहतो. 2015 साली शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाचा खून झाला. ज्या पोरांनी हे पाहिले, त्यांच्या मनात माफी म्हणजे मान खाली घालणे, हे पक्के बसले तर नवल नाही. म्हणून आधी हे स्पष्ट करू. जमाव, पुढारी किंवा पोलीस ठाण्यातला साहेब दमात घेऊन जे वदवून घेतो ती कबुली नव्हे, तो जातीचा जुलूम आहे. तिथे माफी मागू नका, वकील गाठा. आम्ही बोलतो आहोत ते आपण आपल्या माणसांपुढे, कुणीही हात न पिरगाळता, 'मी लिहिले ते चूक होते' असे म्हणण्याबद्दल. पहिल्या प्रकाराच्या भीतीने आपण दुसराही सोडून दिला आहे, आणि इथे आपले नुकसान होते आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. 1948 साली भाषिक प्रांतांच्या आयोगापुढे त्यांनी मुंबईसह एकसंध महाराष्ट्र प्रांताची बाजू मांडली. 1955 साली भाषिक राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी वेगळे सुचवले, मुंबई शहराचे वेगळे राज्य आणि उरलेल्या महाराष्ट्राचे तीन भाग. विरोधक जुने कागद काढणार हे त्यांना माहीत होते. त्यांनी जुने मत झाकले नाही. प्रस्तावनेतच सांगितले की पूर्वीची मते पूर्ण चित्र समोर नसताना मांडली होती. सुसंगतीला चिकटून राहणाऱ्यांची त्यांनी चक्क गाढवाशी तुलना केली आणि सुसंगतीपेक्षा जबाबदारी मोठी मानली. मात्र मत बदलायला पुरेसे कारण हवे, ही अटही घातली. दोन्ही मजकूर महाराष्ट्र शासनाने छापलेल्या इंग्रजी खंड 1 मध्येच आहेत, हवे त्याने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. त्यांचे 1955 चे मत कुणाला पटो वा न पटो (आम्हालाही सगळे पटत नाही), पण मत बदलल्याचे नोंदवून ठेवण्याची ही पद्धत पाहा. जुनी पोस्ट राहू द्यायची आणि तिच्याखाली नवे लिहायचे, कारणासह. आज आपल्यापैकी किती जण असे करतात?

आणि आपण बौद्ध आहोत. दर रविवारी विहारात पंचशील घेताना 'मुसावादा वेरमणी' म्हणतो आणि बाहेर येऊन चप्पल घालता घालता न वाचलेला मजकूर पुढे ढकलतो. भगवंतांनी राहुलाला खोटे बोलण्याबद्दल जो उपदेश केला, त्यात फक्त 'खोटे बोलू नको' एवढेच नाही. कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर ते तपासून पाहा, आणि आपल्या बोलण्याने कुणाला इजा झाली असे दिसले तर शिक्षकापुढे किंवा जाणत्या सोबत्यांपुढे ते उघड कर, असे त्यात सांगितले आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी ऐकावेत असे जे सात उपदेश नोंदवले, त्यांत असत्यासंबंधीचा हा राहुलोपदेश आहे. वर्षावास संपताना अश्विन पौर्णिमेला भिक्खुसंघ पवारणा करतो. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर सांगा. आपल्या चुका दाखवा असे आपणहून निमंत्रण देण्याची ही रीत आपल्या घरची आहे. आपण अश्विन पौर्णिमेला खीरदान करतो, फोटो टाकतो आणि पवारणेचा अर्थ भन्तेजींवर सोडून देतो.

कबुली कुठे द्यायची, हाही प्रश्न आहे. अशोकाने कलिंगाच्या युद्धाबद्दल तेराव्या शिलालेखात पश्चात्ताप कोरला. दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली, असे आकडे स्वतः दिले. गिरनार, कालसी, शाहबाजगढी इथे हा लेख आहे. पण ज्या कलिंगात हे घडले तिथल्या धौली आणि जौगड या दोन्ही ठिकाणी तो लेख नाही, त्याच्या जागी वेगळे लेख आहेत. कारणे इतिहासकारांनी सांगावीत. अशोक आमच्याही अभिमानाचा विषय आहे, तरी एवढे आम्ही म्हणू की ज्याचे घर जळले त्याच्या दारात कबुली पोचली नाही.

आपल्या कामातला एक प्रसंग सांगतो. एका गावात जयंतीच्या वर्गणीवरून खजिनदाराने पैसे खाल्ले अशी पोस्ट पडली. खजिनदार मजुरी करणारा, पावतीबुके जपून ठेवणारा माणूस. विहारात बैठक झाली, हिशेब वाचला, रुपया न् रुपया जुळला. पोस्ट टाकणाऱ्याने ती काढली आणि खजिनदाराला खासगीत 'सॉरी भाऊ' पाठवले. आरोप चार ग्रुपांवर आणि कबुली एकाच्या मोबाइलवर! स्क्रीनशॉट त्याच्या मुलीच्या सासरपर्यंत गेला होता. पुढच्या वर्षी खजिनदार व्हायला कुणी तयार होईना.

डिलीट करणे ही कबुली नाही. व्हॉट्सॲपवर 'सर्वांसाठी डिलीट' केले तरी पुढे गेलेली प्रत परत येत नाही, काढलेले स्क्रीनशॉट तर नाहीच. म्हणून पोस्ट ज्या ज्या ग्रुपवर गेली, तिथे तिथे दुरुस्ती गेली पाहिजे. चोवीस तासांत विरणाऱ्या स्टेटसवर नको, पोस्टच्याच जागी हवी. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हा पुढाऱ्यांचा साचा नको. काय लिहिले होते, त्यात काय चूक होते, खरे काय आहे आणि कुणाचे नाव खराब झाले, एवढे चार ओळींत लिहिता येते. शिक्षणाला वाघिणीच्या दुधाची उपमा देणारे वाक्य बाबासाहेबांच्या नावावर टाकले असेल, तर 'मला खंड आणि पान सापडले नाही, म्हणून त्यांचे नाव मागे घेतो' असे लिहा. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटल्याबद्दल विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रसिद्ध आहेत, हे ध्यानात ठेवलेत तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत जाणार नाही.

आता वाचणाऱ्यांबद्दल. कबुली देणाऱ्याचे आपण काय करतो? त्याच दिवशी 'पाहा, उघडा पडला' म्हणून त्याचा स्क्रीनशॉट विरोधी गटाच्या ग्रुपवर जातो. आपल्या चळवळीत गट किती, हे सांगायला नको. दहा वर्षे रक्तदान शिबिरे घेणारा कार्यकर्ता एका कबुलीने संपवला जातो आणि ज्याने आयुष्यात एकदाही चूक मान्य केली नाही तो 'अभ्यासू वक्ता' म्हणून व्याख्यानमालेत येतो. पोरे हे पाहून शिकतात. ॲडमिनांनी इथे ठाम राहावे. कुणी दुरुस्ती टाकली तर ती ग्रुपवर पिन करावी, टोमणे काढावेत आणि चूक दाखवणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानावेत. ती मुलगी परत बोलू लागेल.

सुरुवात मात्र सतरा वर्षांच्या पोराकडून मागू नका. ज्यांच्या मागे हजारो माणसे आहेत, ज्यांचे व्हिडिओ विहारांत मोठ्या पडद्यावर दाखवले जातात, त्यांनी या जयंतीआधी आपल्या जुन्या भाषणांतला एकतरी चुकीचा आकडा, एकतरी बिनसंदर्भाचे वाक्य शोधून जाहीरपणे दुरुस्त करावे. 32 पदव्यांपासून सुरू केले तरी चालेल.