कुंकू पुसले म्हणून घरही पुसायचे काय?

२२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात श्रीनिवास कुचिभोतला या भारतीय अभियंत्याचा एका वंशद्वेष्ट्याने गोळ्या घालून खून केला. पत्नी सुनयना दुमाला नवऱ्याच्या व्हिसावर राहत होत्या. नवरा गेला, तसा राहण्याचा हक्कही गेला. खासदार केविन योडर यांनी धावपळ केली, तेव्हा तात्पुरता परवाना मिळाला.

अमेरिका दूर आहे, असे वाशीकरांनी म्हणू नये. आपल्या वस्तीत काय घडते? नवऱ्याची राख थंड होण्याआधीच दीर-सासरे विधवेला माहेरची वाट दाखवतात.

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल, तर नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेचा मुलामुलींइतकाच वाटा असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम १७ सांगते की, घर कोणाच्याही नावावर असो, तिला मनमानीने बाहेर काढता येत नाही. प्रभा त्यागी खटल्यात १२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विधवेचा हा हक्क मान्य केला.

हिंदू कोड बिल बासनात गुंडाळले गेले, तेव्हा १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदावर पाणी सोडले. त्यांच्या लेकरांनी १४ एप्रिलला मिरवणुकीत नाचायचे आणि भावजयीला उंबऱ्याबाहेर काढायचे, हे चालणार नाही. पुण्यानुमोदनाला जमलेल्या बांधवांनी त्याच दिवशी वारस नोंदीचा अर्ज लिहावा. सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तिचे नाव लागले पाहिजे. जयभीम!