खोटे ठरावे म्हणून केलेले भाकीत

मालवणच्या किनाऱ्यावर भविष्य म्हटले, की देवाला लावलेला कौल आठवतो. काम होणार की नाही, एवढेच आपल्याला हवे असते. ख्रिस्ती धर्मातला संदेष्टा मात्र ज्योतिषी नव्हे. बायबलमधल्या योनाला माशाने गिळले, हे मुलांनाही ठाऊक असते. पुढची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. चाळीस दिवसांत निनवे नगरीचा नाश होईल, असे त्याने बजावले. लोकांनी वागणूक सुधारली आणि नगरी वाचली. योना रुसून बसला. पण भाकीत खोटे ठरले, हेच त्याचे यश होते.

आपल्या काळात हा वारसा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी चालवला. २०२४ साली निवर्तलेले हे धर्मगुरू हिरव्या वसईसाठी निर्भयपणे उभे राहिले.

आमचे रापण ओढणारे मच्छीमारही वर्षानुवर्षे बजावत आहेत, की पर्ससीन जाळी समुद्र रिकामा करतील. २०१६ साली सरकारने निर्बंध घातले. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. हे भाकीत खरे ठरण्याची वाट पाहायची, की खोटे पाडायचे? हा कौल देवाला लावून चालणार नाही. तो आपणच द्यायचा आहे.